बंबा गल्लीतली खिडकी

पाण्याचा दिवस होता, म्हणून कमरुन्निसा उजाडायच्या आतच उठली होती. नळाला पाणी कधी येणार हे या शहरात कुणी छातीठोकपणे सांगत नाही, पण बंबा गल्लीतल्या बायकांना ते कळतं. आदल्या संध्याकाळी कुणीतरी कुणाच्या तरी गच्चीवरून ओरडतं, "उद्या हाये बरं का!" आणि मग सकाळी टाकी, पिंप, कळशा, बादल्या, घरात जे जे पोकळ असेल ते ते भरून ठेवायचं. लेक लाइबा मोटरचं बटण धरून बसली होती. मुलगा अफजल कंपनीची बस गाठायच्या घाईत उभ्या उभ्याच चहात पाव बुडवत होता. गॅसवर खिचडी शिजत होती आणि कमरुन्निसा एका हातानं ती हलवत, दुसऱ्या हातानं खिचडीबरोबरच्या आंबट खट्ट्यासाठी चिंच कोळत होती.

दारावर थाप पडली.

"बघ रे कोण आहे. दूधवाला तर येऊन गेला."

अफजलनं कडी काढली. बाहेर बद्रीनाथ उभे होते. भिंतीपलीकडचे बद्रीनाथ. त्यांचं गुलमंडीवर पत्रावळी-द्रोणांचं दुकान आहे, आणि या वेळी ते खरं तर दुकानाचं कुलूप काढत असायला हवे होते.

कमरुन्निसाच्या हातातला डाव थांबला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून पलीकडच्या घरातलं माणूस दारावर थाप मारून आलेलं तिनं पाहिलं नव्हतं. थाप पोस्टमन मारतो, मीटर बघायला येणारा मारतो. शेजारचं माणूस थाप मारतं ते एक तर मयत सांगायला, नाही तर भांडायला.

"आपा, खिचडी उतरवून मग या," बद्रीनाथ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "लई घाई नाय. पण आजच या."

"काय झालं, बद्रीभाऊ? विशाखा बरी आहे ना?"

"ती बरी हाये," ते म्हणाले. "भिंत बरी नाय."

आणि चहा घ्या म्हणायची सवड न देता ते निघून गेले. अफजलनं दार लावलं आणि आईकडं न बघता म्हणाला, "अम्मी, मी कंपनीतून आल्यावर बघतो. तुम्ही नक्को जाऊ." त्याच्या आवाजातच कळत होतं की कोणती भिंत, हे त्यालाही विचारावं लागलं नव्हतं.

भिंत दोन्ही घरांना मिळून एकच होती. ज्यांनी बंबा गल्ली पाहिलेली नाही त्यांना हे जरा समजावून सांगावं लागेल. खाम नदीच्या काठानं जुना कोट जिथं वळतो, तिथं एका दरवाज्याच्या आतल्या अंगाला ही वस्ती आहे. मधोमध विटांचा एक उंच चौकोनी खांब उभा आहे. जुन्या नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याचं, पाणी त्यात चढायचं आणि तिथून घरोघर उतरायचं. तोच बंबा. आता त्याच्या डोक्यावर पिंपळ उगवलाय आणि अंगावरून केबलच्या तारा लोंबतात. त्याच्या भोवती घरं अशी दाटीवाटीनं बसलीत, की या वस्तीत कुणाच्याच घराला स्वतःच्या चार भिंती नाहीत. एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, एक मागच्याशी. तुळई माझी, पण तिचं टोक तुझ्या भिंतीत. तुझ्या माळवदाचं पाणी माझ्या पन्हाळीतून. नव्या वसाहतींतली माणसं घर बांधताना चहूबाजूंनी जागा सोडतात. इथं ज्यांनी घरं बांधली त्यांना मधे जागा सोडणं म्हणजे भांडणाला जागा सोडण्यासारखं वाटलं असावं.

गल्ल्याही सरळ नाहीत. जरा चाललं की वळण, वळणावर दार, दारातून आत गेलं तर समोर आडवी भिंत आणि मगच अंगण. रस्त्यावरच्या माणसाची नजर घरात शिरू नये म्हणून केलेली ती सोय. पण बायकांना तर शेजारी जायला यायला हवं. त्यासाठी घराघरांच्या मधल्या भिंतींत खिडक्या ठेवलेल्या. खिडकी म्हणजे गजांची नव्हे. खिडकी म्हणजे वाकून जायचं बुटकं सागवानी दार. पूर्वी म्हणे वस्तीतली बाई कोटापासून बंब्यापर्यंत खिडक्या-खिडक्यांतून जाऊन यायची, तिच्या पायाला गल्लीची धूळ लागायची नाही. एकेक करत त्या बुजत गेल्या. वाटण्या झाल्या, घरं विकली गेली, कुठं संडास बांधला गेला. उरली होती कमरुन्निसा आणि बद्रीनाथांची बायको विशाखा यांच्या घरांमधली.

कमरुन्निसा वैजापूरची. तिकडं अंगण म्हणजे अंगण आणि रस्ता म्हणजे रस्ता. इथं नवी नवरी होऊन आली तेव्हा दूध आणायला म्हणून बाहेर पडली आणि गल्लीत हरवली, नदीच्या बाजूला निघाली, आणि रडवेली होऊन एका पानवाल्याला आपल्याच घराचा पत्ता विचारत उभी राहिली. त्या दिवशी तिची सासू हसली आणि तिला खिडकीतून पलीकडं घेऊन गेली. कमरुन्निसानं ही वस्ती आतून ओळखली. शिवणारी बाई कपडा उलटा करून अस्तराच्या बाजूनं बघते, तशी. कुणाच्या स्वयंपाकघराचा धूर कुणाच्या जिन्यात जातो, कुणाची बाळंतीण कोणत्या भिंतीला डोकं लावून झोपलीय, हे तिला गल्लीची नावं पाठ व्हायच्या आधी कळलं होतं. कर्फ्यूच्या दिवसांत पलीकडून या खिडकीतून दूध आलं होतं आणि इकडून पलीकडं कणीक गेली होती. बाहेर शिट्ट्या वाजत होत्या, आणि आत दोन घरांतली पोरं मिळून पत्ते खेळत होती.

आता त्याच घरी जायचं तर तिला चपला घालून, बुरखा चढवून, बंबा ओलांडून, कोटाच्या दरवाज्याखालून नदीकाठच्या रस्त्यावर येऊन, पुढच्या बोळातून परत आत वळावं लागत होतं. दोन्ही घरांची तोंडं उलट दिशांना. पाठ पाठीला लागलेली.

चालता चालता ती तेच घोळवत होती. भिंत बरी नाय. म्हणजे काय? चीर गेली? ओल आली? आणि कुणामुळं, हे बद्रीभाऊ बोलले नाहीत, ते का बोलले नाहीत?

विशाखानं दार उघडलं. "या," म्हणाली. नुसतं "या." एरवी तिची सुरुवात व्हायची ती, "आपा, आधी हे चाखून सांगा, मीठ कमी का?" अशी.

तिच्या घराला खाली एकच मोठी खोली, मागं स्वयंपाकघर, आणि दोन्ही त्या सामाईक भिंतीला लागून. वर जायला जिना आहे, पण वर माळवद, त्यावर पत्र्याची शेड आणि पत्रावळींचे गठ्ठे. भिंतीलगत विशाखाच्या लेकीची, अपेक्षाची कॉट होती. मुलगी सीईटीचा अभ्यास करत होती. तिची पुस्तकं, तिचा टेबलफॅन, भिंतीवर चिकटवलेलं सूत्रांचं कागदी जंजाळ. ते कागद आता लोंबत होते. मागचा चुना ओला होऊन फुगला होता.

"हात लावा," विशाखा म्हणाली.

कमरुन्निसानं तळहात टेकवला. भिंत घामेजल्यासारखी लागली. आणि सपाट नव्हती. कॉटच्या वरच्या अंगाला तिला पोट आलं होतं, सुरुवातीचे महिने लपवणाऱ्या बाईला असतं तेवढंच. बघणाऱ्याला दिसणार नाही, हाताला कळेल.

"कधीपासून?"

"पाडव्यानंतर ओल दिसायली. आम्हाला वाटलं, असंल उन्हाळ्यात पाइप फुटला. आता दर पाण्याच्या दिवशी फुगतीय." विशाखानं तिच्याकडं पाहिलं. "तुमच्या अंगाला कसं हाये, आपा?"

कमरुन्निसानं हात मागं घेतला. तिच्या अंगाला भिंत कोरडी ठणठणीत होती. तिच्या अंगाला छातीपर्यंत चकचकीत टाइल्स होत्या, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर मोतिया रंग.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

"असणारच की," विशाखा म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. चहा बशीवरच्या कपातून आला. पाहुण्यांसाठी काढतात त्या कपातून. या घरात कमरुन्निसानं स्टीलच्या ग्लासाशिवाय कशातून चहा प्यायल्याचं तिला आठवत नव्हतं. कपाला नक्षी होती.

झालं होतं ते असं. लाइबासाठी स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, औषधांच्या कंपनीत नोकरीला, घर नव्या वसाहतीत, सुटं, चारी बाजूंनी मोकळं. बायका मुलगी बघायला येणार म्हटल्यावर कमरुन्निसाची नणंद येऊन घर फिरून पाहून गेली होती. कोनाडे बघून तिनं नाक मुरडलं, चुन्याच्या भिंतीवर नख ओढून पापुद्रे काढून दाखवले, आणि खिडकीपाशी येऊन थांबली. "भाबी, वो लोगां पूछेंगे, ये दरवाजा किधर खुलता, तो क्या बोलोगी? दुसरे के घर में?"

कमरुन्निसा त्यावर काहीच बोलली नाही. तिचं खरं चुकलं ते तिथं. तिनं म्हणायला हवं होतं की हो, दुसऱ्याच्या घरात, आणि तीच आमची शान आहे. पण लाइबाच्या दोन मैत्रिणींची लग्नं झाली होती, मुलीचा बाप गयास जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आलेलं स्थळ हातचं जाईल याची तिला भीती होती. अफजलनं ते मौन होकार म्हणून घेतलं. कडूबा मिस्त्रीला बोलावलं. कोनाडे बुजले, चुना खरवडला, सिमेंट चढलं, टाइल्स बसल्या. आणि खिडकीच्या चौकटीत विटा रचल्या गेल्या.

चौकटीच्या तळाशी, टाचेच्या उंचीवर, भिंतीत मुठीएवढं भोक होतं, त्याला दगडाची जाळी. भिंतीच्या पोटातून खापराचा एक जुना नळ जातो, नहरीच्या वेळचा. पाणी त्यातून कुणाच्या आठवणीत आलेलं नाही, पण जमिनीतली ओल, पाण्याच्या दिवशीची तर जास्तच, त्यात चढायची आणि त्या भोकाच्या वाटेनं हवेवर सुकून जायची. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या बायका त्यापुढं माठ ठेवायच्या, पाणी गारेगार व्हायचं. वस्तीत त्याला भिंतीचं नाक म्हणत. पोरांनी गोट्या घातल्या की गयास चिमट्यानं काढत बसायचा आणि ओरडायचा, "दुसऱ्याच्या नाकात काय घालताय रे! तिला दम लागंल ना!"

कडूबानं ते भोक पाहिलं आणि विचारलं, "आपा, उंदराचं हाये का?" कमरुन्निसा तेव्हा पाहुण्यांच्या शिरखुर्म्यासाठी खारका भिजत घालत होती. तिनं आतूनच सांगितलं, "जे काय असेल ते बुजव बाबा, धूळ आवर." थापीभर सिमेंटमध्ये नाक बंद झालं.

पण तिला रात्रंदिवस खात होतं ते हे नव्हतं. विशाखाला तिनं आधी सांगितलंच नव्हतं. विशाखा नाथषष्ठीला पैठणला गेली होती, ती यायच्या आत काम उरकलं. परतल्यावर कपडेसुद्धा न बदलता ती प्रसादाचं ताट घेऊन आली. तिच्या बाजूचं सागवानी दार तसंच होतं, तिनं ते ओढलं, सवयीनं मान वाकवली आणि पाऊल टाकलं. तिचं डोकं विटांवर आपटलं. इकडं कमरुन्निसा टाइल्स पुसत होती. तिला तो आवाज ऐकू आला. ताट पडल्याचाही आला. आणि ती ओ देऊ शकली नाही. फडकं हातात धरून बसून राहिली.

चहाचा कप खाली ठेवत ती आज म्हणाली, "विशाखा, मी तुला तेव्हाच..."

"जाऊ द्या, आपा." विशाखा पदरानं सूत्रांचे कागद टिपत होती. "शहराला बावन्न दरवाजे. इतकी वर्षं झाली, एकाला आमचं डोकं आपटलं नाय. आपटलं ते तुमच्याच."

टोमणा तर होताच, पण तो मारताना विशाखाच्या ओठाच्या कडेला जरासं हसू आल्यासारखं कमरुन्निसाला वाटलं, आणि त्या जराशावर ती घरापर्यंत आली.

संध्याकाळी अफजल आला. तिनं त्याला बसू दिलं नाही.

"खिडकी उघडायची. नाक मोकळं करायचं. उद्याच्या उद्या."

"अम्मी, रविवारी लोक तारीख धरायला येतायत," तो म्हणाला. "घरात मलबा घेऊन बसवायचं का त्यांना? रविवार जाऊ द्या. चार दिवसांनी भिंत पळून जाते का?"

त्यानं कडूबाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, आईच्या समाधानासाठी. कडूबा दिलखुलास माणूस. "आपा, काय बी काळजी करू नका! सिमेंट हाये ते, सिमेंट! तुमचे पणतू म्हातारे व्हतील, पर ते हलायचं नाय!"

"ते हलत नाही रे बाबा," कमरुन्निसा म्हणाली. "भिंत हलायलीय. पलीकडं सरकतीय."

"पलीकडं ना?" कडूबा म्हणाला. "मंग तुम्हाला काय?"

फोन बंद झाला. अफजलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो वाईट मुलगा नाही. लहानपणी बद्रीनाथांच्या सायकलवर बसून शाळेत गेलेला आहे. पण बापाविना बहिणीचं लग्न लावायचं ओझं त्याच्या पाठीवर होतं, आणि त्या ओझ्याखाली त्याला फक्त रविवार दिसत होता.

लाइबा तेवढी म्हणाली, "भाईजान, दार बघून पळणारे असतील तर आजच पळू द्या ना. निकाह झाल्यावर पळाले तर मी कुठं धावू त्यांच्या मागं?"

"तू चूप बैस."

"मी चूपच आहे. भिंत बोलतीय."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अफजल कामावर, लाइबा शाळेत शिकवायला गेलेली. कमरुन्निसानं शिलाई मशीन उघडली. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून देणं हा तिचा कित्येक वर्षांचा उद्योग. सुई धावत होती आणि कान भिंतीकडं होता. पूर्वी दुपारच्या या वेळी पलीकडून अपेक्षाचा पाठांतराचा आवाज यायचा, स्वयंपाकघरातली फोडणी ऐकू यायची, बद्रीनाथांची शिंक तर गल्लीच्या टोकाला. टाइल्स बसल्यापासून पलीकडं कुणी राहतं की नाही, हेही कळेनासं झालं होतं. ती उठली आणि गुळगुळीत गार टाइलला कान लावून उभी राहिली. काही नाही. तिनं बोटांनी टकटक केलं. काही नाही. आतमध्ये ओल कुठवर चढली असेल? खापराच्या नळातून थेंब थेंब, विटेतून विटेत, वाट मिळेल तिकडं, आणि वाट तर तिनं एकाच बाजूला ठेवलीय.

परत मशीनवर बसली. साडी उलटी लागली, उसवली, परत लावली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा स्वतःलाच रागावली, "बस बाई, वेडी झालीस का?"

आणि मग आवाज आला.

मोठा नव्हता. गोणी खाली टाकावी तसा. धप्प. मागोमाग काहीतरी घरंगळल्यासारखं. मग पुन्हा शांत.

"विशाखा!" ती टाइल्सना ओरडली. "अपेक्षा! ए पोरी!"

टाइल्स गप्प होत्या. खिडकी असती तर वाकून एक पाऊल. तिनं बुरखा घेतला नाही, ओढणी डोक्यावर ओढली आणि एका पायात आपली, एका पायात लाइबाची चप्पल घालून पळत सुटली. बंब्यापाशी केबलवाल्याची शिडी आडवी. ती खालून गेली. वळण. पुढं पुन्हा वळण. ज्या वळणांनी नवी नवरी असताना तिला रडवलं होतं, ती आज पुन्हा संपेनात. कोणत्या शहाण्यानं ही गल्ली एवढी वाकडी बांधली? शत्रूला वेळ लागावा म्हणून म्हणे. शत्रू कधीच गेला, आता शेजारणीला वेळ लागतोय.

कोटाच्या दरवाज्याखाली टेम्पो अडकला होता. कापसाच्या गाद्यांनी भरलेला, कमानीच्या दगडाला घासून बसलेला, समोर शाळेची व्हॅन, मागं रिक्षांची रांग, सगळ्यांचे हॉर्न त्या दगडी पोकळीत घुमत होते. "मागं घे! अबे मागं!" "मागं कुठं घेऊ, तुझ्या डोक्यावर?" कमरुन्निसा टेम्पो आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरली. तिच्या कोपराचं सालटं निघालं. कुणीतरी म्हणालं, "खाला, कुठं चाललात, दबून जाल की!" ती ऐकत नव्हती. ती फक्त कॉट आठवत होती. कॉटची उशी कोणत्या बाजूला? भिंतीकडंच. पोरगी दुपारी झोपते का? झोपते. रात्री जागते, म्हणून दुपारी झोपते.

नदीकाठचा रस्ता, बोळ, दार. दार सताड उघडं होतं. घरातून पांढरी धूळ बाहेर येत होती.

भिंतीच्या पोटाचा तुकडा सुटून पडला होता. चुना, विटा, ओली माती, एक अख्खी परात भरेल एवढा ढीग कॉटवर. उशी त्याखाली होती. टेबलफॅन मोडून पडला होता. वर भिंतीत खड्डा, आणि खड्ड्यात फुटलेल्या खापराची लालसर कड, तिच्यावरून बारीक पाणी झिरपत होतं.

विशाखा मधोमध उभी होती, हातात केरसुणी घेऊन, केर न काढता.

"अपेक्षा?" कमरुन्निसाला तेवढंच म्हणता आलं.

"क्रांती चौकात गेलीय. अभ्यासिकेत." विशाखाचा आवाज सपाट होता. "आज जेवून आडवी व्हणार व्हती. मीच खेकसले, झोपून कुठं पास व्हतंय का म्हणून. रागारागानं गेली. न जेवता."

कमरुन्निसा दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. विशाखानं केरसुणी टाकली, माठातलं पाणी आणलं, आणि तिच्या कोपराचं रक्त बघून म्हणाली, "हे काय करून आलात?"

"दरवाज्यात टेम्पो अडकलाय."

"नेहमीचाच. मागच्या महिन्यात बी अडकला व्हता." आणि मग विशाखा एकदम तिच्या शेजारी बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. कमरुन्निसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दोघींच्या केसांवर चुना बसत होता.

जरा वेळानं कमरुन्निसानं फोन काढला. अफजलला म्हणाली, "भिंत पडली. थोडी. पोरगी घरात नव्हती म्हणून वाचली. मलबा तिच्या कॉटवरच पडलाय." मग अफजल म्हणाला, "मी निघालो, अम्मी. कडूबाला घेऊनच येतो." त्यानं रविवारचं नाव काढलं नाही.

कडूबा आला, त्यानं खड्डा पाहिला, खापराच्या कडेला बोट लावून पाहिलं, आणि या वेळी सिमेंटचं नाव घेतलं नाही. आधी टेकू द्यावे लागतील, तुळई उचलून धरावी लागेल, मग दोन्ही अंगांनी हळूहळू मोकळं करायचं, म्हणाला. टेकूच्या लाकडी बल्ल्या आणायला उद्याचा दिवस जाईल. काम संपायला आठवडा तरी. तोवर या भिंतीखाली कुणी झोपायचं नाही. बद्रीनाथ दुकान बंद करून आले होते, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते. अपेक्षा दारातच थांबली होती, पाठीवर सॅक, आपल्या उशीकडं बघत.

"वर शेडात झोपू," बद्रीनाथ म्हणाले. "पत्रावळी सरकवून."

"त्या शेडाचे खांब बी हितंच टेकलेत," विशाखा म्हणाली. "आणि पत्रा. या उन्हात पोरगी अभ्यास काय करंल, भाजंल."

"मग पैठणला तुझ्या भावाकडं."

"आणि परीक्षा?"

कमरुन्निसा ऐकत होती. तिच्या डोळ्यांसमोर रविवार आला. नव्या वसाहतीतल्या बायका, सोफ्यावर बसलेल्या, समोर शिरखुर्मा. टाइल्स फोडलेल्या, भिंतीला मोठं भोक, टेकूंच्या बल्ल्या. आणि या भिंतीपासून लांबच्या आतल्या खोलीत दुसऱ्याचं बिऱ्हाड, कोपऱ्यात सूत्रं पाठ करणारी पोरगी, खुंटीवर बद्रीनाथांची टोपी. हे कोण, असं त्या विचारणार. विचारतीलच. नणंद कपाळावर हात मारून घेईल. लाइबाचं काय होईल, ते तिला खरंच माहीत नव्हतं.

तिनं अफजलकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि कॉटवरच्या विटा उचलून बाहेर नेऊन ठेवायला लागला, एकेक.

"विशाखा," ती म्हणाली. "बद्रीभाऊ, तुम्हीपण ऐका."

"रविवारी तुमच्याकडं पाव्हणे यायचेत, आपा," विशाखा लगेच म्हणाली. तिला आधीच कळलं होतं.

"यायचेत. येऊ देत. मला एवढंच मागायचंय," कमरुन्निसा म्हणाली. "भिंतीचं काम होईपर्यंत तुम्ही तिघंजण रात्री आमच्याकडं झोपायला या."